बुडबुडे थांबेपर्यंत

स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणतोस ना, खुशाल घे. महागड्या गिटारींच्या जाहिराती बघून लाळ गाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. संगीत काय फक्त पैसेवाल्यांच्या पोरांनी करायचं? साधी गिटार घ्यावी, उघडावी, आतलं समजून घ्यावं, हवं ते बदलावं. मी तेच केलं. बस इथे. अ‍ॅम्पचा लाल दिवा चालू आहे तो असू दे, बंद करू नकोस. गिटार निवडायची कशी ते आधी सांगतो. मग माझ्या गिटारीचं काय झालं तेही सांगतो. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, कारण मलाच ते नीट कळलेलं नाही.

निवडताना रंगाकडे बघायचं नाही. गिटार डोळ्यासमोर आडवी धरायची आणि नेकवरून, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावरून, टोकापर्यंत नजर टाकायची. दांडा पिळलेला असेल तर गिटार कितीही चकचकीत असली तरी परत ठेवून द्यायची. दांडा सरळ असेल तर बाकी सगळं बदलता येतं. खुंट्या, बटणं, वायरी, पिकअप, सगळं.

मी गेलो होतो ते जुन्या सामानाचं दुकान. टेबलफॅन आणि शिलाई मशिनींच्या मधे तीन गिटारी टांगलेल्या होत्या. काळी एकदम झकास दिसत होती, पण तिचा दांडा ओल्या टॉवेलसारखा पिळलेला. पांढरी इतकी जड की तासाभरात खांदा उतरला असता. तिसरी मळक्या निळ्या रंगाची. डोक्यावरचं कंपनीचं नाव कोणीतरी पॉलिशपेपरनं घासून काढलं होतं. दांडा मात्र सुतासारखा सरळ. दुकानदारानं ती एका छोट्या अ‍ॅम्पला जोडली आणि पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या पट्टीवर, नखानं टकटक केलं. टकटक अ‍ॅम्पमधून मोठी होऊन आली.

“हिचा पिकअप ढिला आहे,” तो म्हणाला. “तारा सोडून बाकीचंही ऐकतो. नंतर तक्रार घेऊन येऊ नका.”

मला उलट आनंदच झाला. दोष कळला म्हणजे दुरुस्ती कळली. गिटार कोणाची, असं विचारलं तर म्हणाला, एका बाईंची, त्या स्वतः आणून देऊन गेल्या. बाई बोलायला इतक्या गोड होत्या म्हणे, की तो घासाघीस करायचंच विसरला. फक्त बोलता बोलता काउंटरवरच्या धुळीत बोटानं सारखं काहीतरी गिरवत होत्या. असते एकेकाला सवय, असं म्हणून त्यानं गिटार जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली.

घरी आलो तर दार ताईनं उघडलं. तिनं गिटारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाटीवर लिहिलं, ‘भंगारवाल्यानं पैसे दिले की घेतले?’

ताईबद्दल सांगायला हवं. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. प्राथमिक शाळेत शिकवायची. पन्नास मुलांचा गोंगाट एका हाकेत गप्प करणारा आवाज होता तिचा. मग घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाही येणारही, काही सांगता येत नाही. या गोष्टीला तेव्हा अकरा महिने झाले होते. ताई शाळेतली पाटी आणि खडू घेऊन घरभर फिरायची. लिहिण्याची तिची एक पद्धत होती. सगळी अक्षरं आधी उघडी लिहायची, आणि वाक्य पूर्ण झालं की डोक्यावरून एकच लांब रेघ ओढायची. मुलांच्या वह्यांवर शेरे लिहून लिहून लागलेली सवय. रेघ ओढली की समजायचं, बाईंचं बोलणं संपलं.

ती मला शास्त्रज्ञ म्हणायची. आवाज होता तेव्हाही, पाटी आल्यावरही. लहानपणी मी रेडिओ उघडून परत जोडताना तीन स्क्रू जास्तीचे उरवले होते, तेव्हापासून.

आणि आई. ती कपडे शिवायच्या कारखान्यात देखरेखीचं काम करते, साडेसहाला घरी येते. तिच्या मोबाइलमध्ये ताईचा एक जुना निरोप होता, ‘आई, येताना दूध आण, आणि शास्त्रज्ञाला सांग गॅस बंद कर.’ स्वयंपाकघरात नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड, आई तो निरोप ऐकायची. आम्हाला कळत नाही असं तिला वाटायचं.

दोन दिवसांत मी गिटार खोलून जेवणाच्या टेबलावर पसरली. ताईनं ‘जेवायचं कुठे, छतावर?’ असं लिहून विचारलं, तरी मी थांबलो नाही. मला थांबता येत नाहीच. खरखर करणारी बटणं काढली, नवी लावली, वायरी सोल्डर केल्या, खुंट्या बदलल्या. सोल्डरचा वास पडद्यांत बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी नव्या तारा चढवून गिटार अ‍ॅम्पला जोडली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. अ‍ॅम्प किंचाळायला लागला. बटण जरा मागे घेतलं, तर माझंच पुटपुटणं स्पीकरमधून परत आलं, पत्र्याच्या डब्यातून यावं तसं.

यात भुताटकी काही नाही. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वेढे घट्ट असले तर तो फक्त गिटारीच्या तारा ऐकतो. ढिले असले तर आवाजानं वेढेच थरथरतात, आणि तो खोलीतलं सगळं ऐकायला लागतो. हे लक्षात ठेव. खोलीत असेल तेच ऐकतो. खोलीत नाही ते ऐकायला त्याच्याकडे काही साधन नाही.

मी ताईला हाक मारली. गंमत बघ म्हटलं. तिनं पिकअपवर फुंकर मारली, अ‍ॅम्पमधून वारा सुटला. ती हसली. तिचं हसणं तेव्हा नुसतं खांदे हलण्याचं होतं. मग ती खुर्चीत टेकून बसली, आणि अ‍ॅम्पमधून आवाज आला.

“शास्त्रज्ञ... खिडकी लाव.”

ताईचा आवाज. अगदी तोच. शेवटच्या अक्षरावर जरा दटावणी असलेला.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ मिटलेले होते. तिच्या हातातून खडू पडला आणि दोन तुकडे झाले. त्यातला एक उचलून तिनं घाईघाईनं लिहिलं, ‘मी नाही.’ आणि वर रेघ ओढली.

आता माझं डोकं कसं चालतं ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, तूच ग. घशातले पडदे अजून थोडे थरथरत असणार, आपल्या कानाला कळत नाही इतके. पिकअपला कळतं. मी खोलीभर फेऱ्या मारायला लागलो. आवाज गेलेली किती माणसं असतील जगात, हातात पाटी, वही, चिठ्ठ्या घेऊन फिरणारी, दुकानात ज्यांच्या मागची रांग वैतागते. आणि त्यांचा आवाज या असल्या टाकाऊ पिकअपमध्ये परत मिळणार. मला सगळं दिसायला लागलं होतं. खिडकी मात्र खरंच उघडी होती. पाऊस नव्हता, वारा नव्हता, तरी मी ती लावली. आवाजानं सांगितलं म्हणून.

त्यानंतर रोज दुपारी मी ताईला गिटारीसमोर बसवायचो. ती नाराज असायची, पण बसायची. मला वाटतं, तिलाही कुठेतरी आशा होती. अ‍ॅम्पमधून येणारं बोलणं साधं असायचं. उजेड फार आहे. आईला आज उशीर होईल. आणि आईला खरंच उशीर व्हायचा.

इथे माझी चूक सांगतो. भुताखेताची नाही, माझी. एका दुपारी मी चहा टाकू का विचारलं. अ‍ॅम्प म्हणाला, “नको रे, मळमळतंय.” ताईनं लिहिलं, ‘टाक. आलं घालून.’ आणि मी चहा टाकला नाही. तुला हे कळतंय का? ती माझ्यासमोर बसून, हातानं, अक्षरं काढून सांगत होती, आणि मी स्पीकरचं ऐकलं. कारण तो आवाज होता. अकरा महिने मी तिची पाटी वाचत आलो होतो आणि मनातल्या मनात ती पाटी मला कमी वाटत होती. त्या आठवड्यात मी पाटी वाचणं जवळजवळ सोडलंच. ती पुढे धरायची, मी हो हो म्हणायचो आणि कान अ‍ॅम्पकडे. एकदा तिनं पाटी माझ्या नाकासमोर आदळली. त्यावर लिहिलं होतं, ‘माझ्याशी बोल.’ मी म्हटलं, बोलतोयच की.

आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. खात्री झाल्याशिवाय नको, हे मीच ठरवलेलं. आणि खात्री करायची तर प्रयोग नीट करायला हवा, म्हणून शुक्रवारी मी ताईला औषधाच्या दुकानात पाठवलं. ती खोलीत नसताना आवाज आला नाही, की माझं म्हणणं सिद्ध. ती जिन्यानं उतरली. खालचं फाटक वाजलं. मी अ‍ॅम्प लावला आणि श्वास रोखून उभा राहिलो. नुसती घूं. बाहेरच्या एका गाडीचा हॉर्न बारीक होऊन आला. मी जिंकलो असं वाटलं.

मग अ‍ॅम्प अगदी हळू बोलला.

“गेली का ती?”

कोण, असं मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. कोणी प्रश्न केला की उत्तर देतो माणूस.

“ती... लिहिणारी.”

“तू कोण आहेस?”

“असं काय करतोस... मी ताई ना तुझी.”

मी वायर उपटली. ठप्प असा मोठा आवाज झाला आणि घर शांत झालं. मी त्या टेबलाकडे पाठ करायला तयार नव्हतो. पिकअप खोलीतलंच ऐकतो, हे मीच तुला मघाशी सांगितलं. खोलीत मी होतो, टेबल होतं, चार खुर्च्या होत्या. ताई परत आली तेव्हा मी जिन्यात बसलो होतो. तिनं हातानंच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, फ्यूज उडाला. तिनं औषधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेलो. गिटारी दुरुस्त करतात ते. दुकान एवढंसं, पण हात सोन्याचा. त्यांना मी आवाजाबद्दल काही बोललो नाही, पिकअप फार किंचाळतो एवढंच सांगितलं. ते म्हणाले, मेणात बुडव. मेण वितळवायचं, पण थेट आचेवर नाही, गरम पाण्यात डबा ठेवून. त्यात पिकअप सोडायचा. वेढ्यांमधली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, तिच्या जागी मेण शिरतं, वेढे गच्च होतात. मग त्याच्यापुढे ढोल बडवला तरी तो ऐकणार नाही.

“बुडबुडे थांबेपर्यंत बाहेर काढायचा नाही,” ते म्हणाले. “आत हवा राहिली की ती कायमची आत. अर्धवट काम फार वाईट, ते धड जुनंही राहत नाही. आणि तुझी घाई मला माहीत आहे.”

सोमवारी दुपारी मी स्वयंपाकघरात बसलो. पातेल्यात पाणी, पाण्यात बिस्किटांचा रिकामा डबा, डब्यात मेणबत्त्यांचे तुकडे आणि मास्तरांनी दिलेलं थोडं मधमाश्यांचं मेण. घरभर एक गोड, दाट वास पसरला, बंद खोलीत विझवलेल्या दिव्यांसारखा. ताई बाहेरच्या खोलीत वाचत होती. पिकअपची वायर चिमट्यात धरून मी तो मेणात सोडला.

सुरुवातीला बुडबुड्यांचा नुसता फेस. मग एकेक ओळ. पाच मिनिटांनी सुटे बुडबुडे. मला हायसं वाटलं. आता थांबतील. पण थांबले नाहीत. एक मोठा बुडबुडा यायचा, मग काही नाही, मग एक. मधलं अंतर सारखं. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं. पंधरा. एवढ्याशा वस्तूत इतकी हवा मावत नाही रे. एक बुडबुडा... काही नाही... एक बुडबुडा. मी स्वतःच्या नकळत त्याच तालावर श्वास घ्यायला लागलो होतो, आणि ते लक्षात आलं तेव्हा मला कळलं की मी काय बघतोय.

मग ताल चुकला. बुडबुडे जवळजवळ यायला लागले, लहान लहान, घाईचे. आणि बाहेर खुर्ची पडली.

ताई जमिनीवर होती. एक हात गळ्यावर, तोंड उघडं, डोळे माझ्यावर लावलेले. तिचा श्वास आत जातच नव्हता. छाती वरखाली होत होती, लहान लहान, घाईनं. आणि उघड्या दारातून मला स्वयंपाकघर ऐकू येत होतं. बुळुक, बुळुक, बुळुक. तिची छाती आणि तो डबा, एकाच वेळी.

मी विचार केला नाही. धावत गेलो, वायर धरून पिकअप ओढून काढला. मेण हातावर सांडलं, हा डाग त्याचाच आहे. वितळलेल्या मेणावर एक शेवटचा बुडबुडा आला, बराच मोठा, आणि फुटताना त्यानं आवाज केला, कोणी ओठ उघडावेत तसा.

बाहेर ताईनं लांब श्वास घेतला. त्या श्वासाला आवाज होता. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

“पाणी,” ती म्हणाली.

मी रडलो. लपवत नाही. ती पाणी प्यायली आणि डोळे पुसत म्हणाली, “रडतोस काय वेड्या, गॅस बंद कर आधी.” साडेसहाला आई आली, दारातच तिला ताईनं “आई” अशी हाक मारली. आईच्या हातातली पिशवी तशीच खाली बसली, आणि पिशवीबरोबर आईसुद्धा. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, होतं असं कधी कधी, नशीबवान आहात. आई दर नातेवाइकाला फोन लावून ताईच्या हातात द्यायची. मोबाइलमधला तो जुना निरोप तिनं पुसून टाकला. म्हणाली, आता काय करायचाय.

त्या पहिल्या रात्री जेवताना ताई भरभरून बोलत होती. शाळेच्या गोष्टी, मुलांच्या नकला. आई हसून हसून बेजार. पाणी वाढायला मी ताईच्या बाजूला वाकलो, तर टेबलाखाली तिच्या मांडीवर पाटी होती. तिचा डावा हात हवेत, नकला करत. उजवा हात, तिकडे न बघता, लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं वरून रेघ ओढली.

‘मी नाही.’

मला वाटलं, चेष्टा करतेय. तशी आहेच ती. मी डोळे मोठे केले, ती हसली. पण पाटी तिच्या हातातून सुटेना. आईनं ती कपाटावर टाकली, सकाळी परत ताईच्या हातात. आईला वाटायचं, सवय आहे, जाईल. मी चार दिवस टाळलं, आणि मग एका दुपारी, आई नसताना, ताईसमोर खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, खरं सांग. बोलतेस ती तूच ना?

“हो रे. मीच. दुसरं कोण असणार?” ती म्हणाली, आणि माझ्या केसांतून हात फिरवला.

दुसऱ्या हातानं तिनं लिहिलं, ‘नाही.’

दोन्ही एकाच वेळी. चेहरा आवाजाच्या बाजूनं होता, प्रेमळ, शांत. पण डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोंड म्हणालं, “बघ ना, खडूची धूळ गेली डोळ्यांत.”

मी काय करणार होतो, सांग. कोणाचं खरं मानणार? एकदा मी पाटी सोडून आवाजाचं ऐकलं होतं, आणि त्याची लाज वाटत होती. पण पाटीचं ऐकायचं तर आईला काय सांगायचं? की तुझ्या मुलीचा आवाज परत आला तो तिचा नव्हे? पुरावा काय, तर एक पाटी. आई दिवसातून दहा वेळा कारण नसताना तिला हाक मारते, फक्त ओ ऐकायला. ते काढून घेण्याची माझी हिंमत झाली नाही. अजून नाही.

मी परत जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. त्या बाईंचा पत्ता नव्हता त्याच्याकडे. धुळीत त्या काय गिरवत होत्या, असं विचारलं, तर तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघायला लागला. म्हणाला, फडकं मारलं मी. मास्तरांना विचारलं, लागलेलं मेण काढता येतं का? ते म्हणाले, नाही, वेढे तुटतात. विचारलं, आणि बुडबुडे थांबायच्या आधी काढला असेल तर? ते म्हणाले, मग जेवढं बाहेर आलं तेवढं आलं, राहिलं ते राहिलं.

काय बाहेर आलं आणि काय राहिलं, यावरच मी अडकलोय. मी पिकअप तसाच ठेवला असता तर ताई मेली असती का? की आणखी दोन मिनिटं थांबलो असतो, तर सगळं बाहेर पडून निघून गेलं असतं आणि माझी ताई, मुकी का असेना, माझ्यासमोर बसली असती? रात्रंदिवस विचार करतो आणि दर वेळी दुसरंच उत्तर येतं.

मग पाटीवरचं लिहिणं कमी झालं. ओळीची दोन अक्षरं झाली, दोनाचं एक. गेल्या महिन्यात खडू हातातून गळायला लागला. एका सकाळी पाटी स्वच्छ पुसून कपाटावर ठेवलेली होती. आई म्हणाली, बरं झालं, सुटली एकदाची सवय. ताई पुढच्या सोमवारपासून शाळेत जाणार आहे. मुलांनी तिच्यासाठी फुगे आणलेत म्हणे.

आत्ता आतून हाक आली ना? हो, तीच. चहा हवा का विचारतेय. घेऊ म्हण. आलं मात्र नसेल त्यात, तिला आता आलं आवडत नाही.

परवा मी पिकअप परत गिटारीत बसवला. का, माहीत नाही. काम अर्धवट ठेवायचा कंटाळा असेल. अ‍ॅम्प लावला, टाळी वाजवली. काही नाही. खोकलो, पिकअपवर नखानं टकटक केलं. काही नाही. ठार बहिरा. अर्धवट काढूनही मेण पक्कं बसलं होतं. ताई समोरच्या खुर्चीत होती, दोन्ही हात मांडीवर, रिकामे. मी अ‍ॅम्प बंद करायला हात पुढे केला, आणि तेव्हा ऐकू आलं.

खर्र. खर्र... खर्र.

पाटीवर खडू.

“काय ऐकतोयस रे शास्त्रज्ञ?” ताई म्हणाली. तो प्रश्न अ‍ॅम्पमधून आला नाही. खडू मात्र येत होता.

तेव्हापासून अ‍ॅम्प बंद केलेला नाही. तो दिवा त्याचाच आहे. कान लावून बसलं की कळायला लागतं. आधी एकच अक्षर, मग जरा थांबणं, मग दोन अक्षरं, मग डोक्यावरून एक लांब ओढ. ते दोन शब्द मी झोपेतसुद्धा ओळखीन. तेच, पुन्हा पुन्हा.

पण काल दुपारपासून ओळ लांबली आहे. ते दोन शब्द येतात आणि ती थांबत नाही. पुढे आणखी काहीतरी आहे, बरंच मोठं. मी कागदावर रेघोट्या मारून अक्षरं लावायचा प्रयत्न करतोय, लागत नाहीत. अरे, जरा गप्प बस. बांगड्या वाजल्या, चहा घेऊन येतेय ती. विचारलं तर म्हण, आम्ही गिटारीचं बोलत होतो. सरळ दांडा कसा ओळखायचा, त्याचं. आणि कान अ‍ॅम्पकडे ठेव. ऐकतोस? अजून लिहितेय.

कालपासून रेघ ओढलेली नाही तिनं.